अण्णा, बॅटरी का बसत होती ते सापडलं

अण्णा,

तू गेल्याला सोळा दिवस झाले आणि तुझी गाडी रोज पहिल्या चावीला सुरू होते. तुला हे ऐकून राग येईल हे मला माहीत आहे. पण कुठूनही माझ्याशी बोलता आलं असतं तर तू सगळ्यात आधी गाडीचंच विचारलं असतंस, म्हणून आधी तेच सांगितलं.

आपल्या बंगळूरच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी चिटणीसांनी बहीण म्हणून माझ्याकडे तुझ्यावर दोन पानं मागितली. "सुमतीताई, चार चांगले शब्द लिहा," असं म्हणाले. मी नेहमीसारखी यादी करायला बसले. कागदाच्या डाव्या बाजूला चांगलं, उजव्या बाजूला बाकीचं. डावी बाजू अर्ध्या तासात भरली. तू मंडळासाठी काय काय केलंस ते सगळ्यांना पाठ आहे, ते दुसरं कुणीतरी लिहील. उजव्या बाजूला एकच शब्द लिहिला गेला, आणि तो ओलांडून मला पुढे जाता येईना. मेस्त्री.

त्याचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. मंडळातल्या प्रत्येकाला तो कोण ते ठाऊक आहे. जे. पी. नगरातल्या त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये आपल्या सगळ्यांच्या गाड्या वीस वर्षं जात होत्या. चिकोडीकडचा, घरात मराठी बोलणारा, म्हणून आपण त्याला 'आपला' म्हणायचो. गेल्या खंडेनवमीला तू त्याला सगळ्यांदेखत चोर म्हणालास. त्यानं चोरी केली नव्हती. तू तो शब्द परत न घेता गेलास. आता तो परत घेणं माझ्याकडे आलं आहे, आणि त्यासाठी तुझ्याबद्दल थोडं वाईट लिहावं लागेल. थोडं म्हणजे बरंच.

तुझं-माझं भांडण पहिल्यापासून गाडीतला बिघाड शोधायचा कसा यावरून. तू कानानं शोधायचास, मी वहीनं. कारखान्याच्या स्टोअरमध्ये सत्तावीस वर्षं काढल्यावर माझा स्वभाव बदलणार नव्हता. आवाज कधी येतो, इंजिन थंड असताना की तापल्यावर, सरळ रस्त्याला की वळणावर, शेवटी कुठला भाग बदलला, तेव्हा किती किलोमीटर झाले होते, हे सगळं मी तुझ्या गाडीचं लिहून ठेवायची. तू मला चित्रगुप्त म्हणायचास. "सुमे, मिट ती वही. गाडी काय कोर्टात उभी आहे?" मग तू एक भाग बदलायचास. त्यानं नाही भागलं तर शेजारचा बदलायचास. तू बदलत बदलत बरोबर भागापर्यंत पोचलास की म्हणायचास, "बघ, आवाजावरूनच कळलं होतं मला."

आईला घेऊन आपण सर्जापूर रोडला लग्नाला निघालो होतो तो एप्रिल आठवतो? सिल्क बोर्डच्या सिग्नलला गाड्या हलेनात आणि तापमानाचा काटा चढायला लागला. त्याआधी महिनाभरात तू कूलंट बदललं होतंस, थर्मोस्टॅट बदलला होतास, रेडिएटरचं झाकणसुद्धा नवं आणलं होतंस. माझ्या वहीत तेव्हाही एक ओळ होती: काटा फक्त गाडी उभी असताना चढतो, चालायला लागली की उतरतो. म्हणजे पाणी ठीक आहे, पंखा नीट फिरत नाही. मी ते वाचून दाखवलं. तू ऐकलं नाहीस, आणि इंजिनाची उष्णता ओढून घेण्यासाठी आतला हीटर पूर्ण चालू केलास. एप्रिलमध्ये. आई मागे कांजीवरम नेसून बसलेली. पाच मिनिटांनी ती म्हणाली, "मला लग्नाला नेतोयस की भाजून नेतोयस रे?" तू हसता हसता स्टिअरिंगवर डोकं टेकलंस. काटा मात्र उतरला. आठवड्यानं मेस्त्रीनं पंख्याचं कपलिंग बदललं आणि ते दुखणं कायमचं गेलं. वहीतली ओळ बरोबर होती असं तू म्हणाला नाहीस. मी वाट बघितली होती, म्हणून सांगते.

दुसऱ्या बाजूचंही लिहिते, नाहीतर उद्या कुणी म्हणेल की सुमती एकतर्फी आहे. मैसूर रोडला चाकाकडून घूं घूं आवाज येत होता तेव्हा मी वहीत 'टायर' लिहिलं होतं. तू गाडी जरा उजवीकडे ओढलीस, मग डावीकडे. उजवीकडे वळताना, म्हणजे भार डाव्या चाकावर आला की, आवाज वाढला. "डाव्या चाकाचं बेअरिंग," म्हणालास, आणि गाडी तिथेच कडेला घेतलीस. चाक हातानं हलवलंस तर ते खुळखुळ्यासारखं हललं. त्या वेगात ते निसटलं असतं तर आज हे लिहायला मी नसते. त्या दिवशी तुझ्या कानानं माझा जीव वाचवला. ते मी वहीत लिहिलं आहे, तारखेसकट.

आणि माझे यजमान गेल्यावर, चव्वेचाळिसाव्या वर्षी, मला गाडी शिकवलीस ती तूच. तीही ह्याच गाडीवर, कारण "लहान गाडी कुणालाही येते." रोज सकाळी सहाला मोकळ्या मैदानात. मी क्लच सोडला की तू डोळे मिटायचास. "सावकाश, सुमे, सावकाश. पाळण्यातलं पोर उचलतेस असं समज." आणि मग, "ते पोर टाकलंस." बॉनेट उघडून मल्टीमीटर कसा धरायचा, काळी तार कुठे, लाल कुठे, हेही तूच शिकवलंस. पुढे मी त्याचा काय उपयोग केला ते आता सांगते.

तू नोकरीत होतास तोवर गाडी रोज चालायची आणि बॅटरीची तक्रार नव्हती. निवृत्त झालास आणि गाडी रविवार ते रविवार तळघरात उभी राहायला लागली. रविवारी चावी फिरवली की नुसतं टक् टक् टक्. शेजाऱ्याच्या गाडीवरून तारा लावून सुरू करायची. मेस्त्रीनं चार्जिंग तपासलं, ते ठीक होतं. बॅटरी जुनी होती, ती बदलून त्यानं नवी बसवली. मी तिथे होते, नंबर वहीत उतरवून घेतला. महिना-दीड महिना बरा गेला आणि परत टक् टक् टक्. मेस्त्री तुला म्हणाला, गाडी दोन दिवस माझ्याकडे सोडा. एकदा नाही, तीनदा म्हणाला. तू सोडली नाहीस. तुझी गाडी दोन दिवस दुसऱ्याकडे उभी राहणं तुला चालायचं नाही.

मग खंडेनवमी आली.

आपल्या लोकांची आयुधपूजा मेस्त्रीच्या शेडमध्ये असायची. स्पॅनर आणि स्क्रू-ड्रायव्हर धुऊन केळीच्या पानावर मांडलेले, प्रत्येकाला हळद-कुंकू. गाड्यांना झेंडूच्या माळा, पुढे केळीचे खुंट, प्रत्येक चाकाखाली लिंबू. आरती झाली की एकेकानं आपली गाडी लिंबावरून पुढे काढायची, मेस्त्री कोहळा फोडणार, मग चुरमुरे वाटणार. रांगेत पहिली गाडी तुझी असायची. मंडळाचा अध्यक्ष म्हणून नव्हे, पहिलं गिऱ्हाईक म्हणून. त्या वर्षी सकाळी गाडी सुरूच होईना, शेजारी देवळात गेलेला, आणि आपण पाऊण तास उशिरा पोचलो. पहिल्या जागी कुणाची तरी कोरी पांढरी गाडी उभी होती. तू तिसऱ्या जागी गाडी लावलीस. तुझा जबडा मात्र मला दिसत होता.

आरती झाली. पहिली गाडी निघाली, दुसरी निघाली. तू बसलास, चावी फिरवलीस. टक् टक् टक्. चाळीस माणसं, त्यांची मुलं, चाकाखाली आख्खं लिंबू, आणि टक् टक् टक्. कुणीतरी पोरगं हसलं.

तू उतरलास, बॉनेट उघडलंस आणि म्हणालास, "मेस्त्री, ही माझी बॅटरी नव्हे."

"असं कसं म्हणतासा अण्णा? मीच बसवलो की."

"बसवलीस. आणि मागच्या सर्व्हिसला काढून दुसऱ्याला विकलीस. पाच महिन्यांत नवी बॅटरी बसते?"

"कायतर करंट खाऊलालंय बघा गाडीत. दोन दिवस सोडा म्हणून कितीदा सांगितलो तुमाला."

"खाणारा माझ्यासमोरच उभा आहे."

लोक हसले, अण्णा. मीही हसले. तुझ्या बोलण्यावर हसायची आम्हाला सवय होती.

मेस्त्री हसला नाही. त्यानं हातातला कोहळा खाली ठेवला, वाकून बॅटरीवरचा नंबर मोठ्यानं वाचला, एकदा, परत एकदा. मग माझ्याकडे वळला. "अक्का, त्या दिवशी तुमी वहीत लिहून घेतलासा नव्हं नंबर? बघा की जरा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तूही. वही माझ्या पर्समध्ये होती. ती कायम असते, मंडळात त्यावरून विनोद आहेत. मी म्हणाले, "वही घरी राहिली."

का म्हणाले ह्याची यादी मी खूपदा केली आहे. त्यातलं एकही कारण इथे लिहिण्यासारखं नाही. तू माझा मोठा भाऊ होतास आणि चाळीस माणसं बघत होती, एवढंच. मेस्त्रीची नजर माझ्या पर्सवर होती. चेन अर्धी उघडी होती आणि वहीचा निळा कोपरा वर आला होता. त्यानं ते बघितलं. "सरी," म्हणजे 'बरं', एवढंच कन्नडमध्ये म्हणाला आणि कोहळा न फोडताच आत गेला.

त्या संध्याकाळी तू मंडळाच्या ग्रुपवर लिहिलंस, 'सर्वांनी आपापल्या गाड्यांचे भाग तपासून घ्यावेत.' खाली तुझं नाव, अध्यक्ष म्हणून. मी घरी वही उघडली. नंबर तोच होता. शेवटच्या आकड्यापर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्याकडे आले. वहिनी पोहे करत होती.

"नंबर तोच आहे," मी म्हणाले.

"बरं."

"बरं काय? जाऊन सांग त्याला."

"काय सांगू? बॅटरी तीच आहे, पण का बसते ते माहीत नाही? अध्यक्ष आहे मी, सुमे. अर्धवट निरोप घेऊन नाही जात."

"मग लिही ग्रुपवर."

"आधी कारण शोध. कशानं बसते ते दाखव. त्या दिवशी मी स्वतः जाईन, सगळ्यांसमोर त्याच्या पाया पडेन. मग तर झालं?"

"मग गाडी दे चार दिवस."

"गाडीला हात लावायचा नाही."

तू पोह्यांत लिंबू पिळत होतास. वहिनी म्हणाली, "सकाळी सकाळी कशाला?" आणि विषय संपला. तुझ्या घरात विषय असेच संपायचे.

पुढचे दहा महिने मी तुला दर रविवारी विचारलं. तू दर रविवारी हेच उत्तर दिलंस. मधल्या काळात तू दुसऱ्या दुकानातून दुसरी नवी बॅटरी घेतलीस आणि सात आठवड्यांत तीही बसली. मी म्हणाले, आता बोल. तू म्हणालास, "हाही चोर निघाला." तुझ्या हिशेबानं बंगळुरात तेव्हा दोन बॅटरीचोर होते आणि दोघांना तुझीच गाडी सापडली होती. मी हसले नाही. हसायला हवं होतं. तू थट्टेला घाबरायचास, वहीला कधी घाबरला नाहीस.

मेस्त्रीकडे मंडळातल्या गाड्या जाणं थांबलं. कुणी त्याच्याशी भांडलं नाही. लोक फक्त दुसरीकडे जायला लागले. मी कधी त्या बाजूनं गेले की शेडमध्ये एखादीच गाडी दिसायची, मग एखादी रिक्षा, मग काही नाही.

मग तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू. महिनाभर गाडी चालवायची नाही म्हणून तू लेकीकडे इंदिरानगरला राहायला गेलास आणि नाइलाजानं चावी माझ्या हातात दिलीस. "रोज दहा मिनिटं फिरव. बाकी काही करू नकोस." तू ते दोनदा सांगितलंस. मी मान हलवली.

पहिल्याच रविवारी मी बॉनेट उघडलं. काय केलं ते क्रमानं सांगते, कारण तुझ्या अटीप्रमाणे कारण दाखवायचं होतं.

बॅटरी आधी बाहेर काढून पूर्ण चार्ज केली आणि एक दिवस तशीच ठेवली. व्होल्टेज उतरलं नाही. म्हणजे बॅटरी धडधाकट. गाडीत बसवून इंजिन चालू केलं, चार्जिंगचं व्होल्टेज बघितलं. चौदाच्या वर, ठीक. मग इंजिन बंद, चावी बाहेर, दारं बंद. बॅटरीची काळी तार सोडवून मध्ये मल्टीमीटर लावला, म्हणजे झोपलेल्या गाडीतून किती करंट वाहतो ते दिसतं. अर्धा तास थांबले. घड्याळाला, अलार्मला वगैरे लागतो तो करंट नगण्य असतो. इथे त्याच्या सातपट दिसत होता. कुणीतरी दिवसरात्र घोटघोट पीत होतं. मेस्त्रीनं न बघता हेच सांगितलं होतं.

एकेक फ्यूज उपसला. रेडिओचा, आतल्या दिव्यांचा, हॉर्नचा, सगळे. प्रत्येक वेळी आकड्याकडे बघायचं, उतरला तर चोर त्या वाटेवर. आकडा हललाच नाही. अल्टरनेटरची तार सोडवून बघितली, तरी तोच. म्हणजे जे काही पीत होतं ते फ्यूजच्या डब्याच्या बाहेरून, थेट बॅटरीवरून. कारखान्यात बसवलेलं काहीही असं जोडलेलं नसतं. असं फक्त माणूस जोडतो.

बॅटरीच्या लाल टोकाखाली एक बारीक तार दडपलेली होती. तिला गुंडाळलेली टेप मी ओळखली. निळी. तुझ्याच ड्रॉवरमधली.

त्या तारेमागे मी डॅशबोर्डच्या आतपर्यंत हात घातला. काचेसमोरच्या गणपतीच्या मागे एक रिले होता, करंट चालू-बंद करणारी काडेपेटीपेक्षा लहान डबी, आणि तो कोमट होता. चावी बाहेर काढलेल्या, बंद गाडीत एक डबी कोमट. तेव्हा मला आठवलं. चार वर्षांपूर्वी, अशाच एका खंडेनवमीला, तू बाप्पासाठी दिवा बसवला होतास. स्वतः, दोन तास खपून. "चावी काढली तरी बाप्पा अंधारात बसता कामा नये," म्हणाला होतास, म्हणून चावीला वळसा घालून थेट बॅटरीवरून तार, आणि काम पक्कं व्हावं म्हणून मध्ये रिले. दिवा दोन वर्षांत उडाला. तू तो बदलला नाहीस. पण रिलेला दिवा उडाल्याचं कुणी सांगितलं नव्हतं, तो करंट ओढतच राहिला. गाडी रोज चालत होती तोवर चालणाऱ्या इंजिनानं भरपाई केली. उभी राहायला लागली आणि बॅटरी बसायला लागली. मी रिले उपसला. आकडा झपकन उतरला आणि जिथे असायला हवा तिथे थांबला.

बॅटरी बाहेर ठेवली तो दिवस सोडला तर दोन तास लागले, अण्णा. मेस्त्रीला एकच लागला असता.

मी ते वहीत लिहिलं. रिले बशीत काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला. आणि तुला फोन केला नाही.

हे नीट लिहायला हवं. तुला कारण हवं होतं, कारण माझ्यासमोर बशीत होतं. तू त्याच दिवशी मेस्त्रीकडे गेला असतास का, मला माहीत नाही. कदाचित गेला असतास. तुझा शब्द तू पाळायचास, फार उशिरा का होईना. पण मला ते तसं नको होतं. खंडेनवमीला दोन महिने होते. मी ठरवलं की मंडळाच्या पूजेला, चाळीस माणसांसमोर, मी बशी घेऊन उभी राहीन आणि सगळं वाचून दाखवीन, निळ्या टेपसकट. तू मेस्त्रीला जसं केलंस तसं तुला. मला ते दृश्य रोज दिसायचं. स्वयंपाक करताना दिसायचं. मी आनंदात होते, अण्णा. कित्येक वर्षांत नव्हते इतकी.

दहाव्या की अकराव्या दिवशी तुझा फोन आला. डोळा बरा होता, आवाज खुशीत.

"सुमे, गाडी सुरू होते ना?"

"होते."

"बॅटरी?"

"बसली नाही अजून."

"बघ! त्या बदमाशाचा हात लागायचा बंद झाला आणि गाडी आपोआप सुधारली. सांगत होतो की नाही?"

मी बशीकडे बघत होते. म्हणाले, "सांगत होतास."

"मग? चित्रगुप्ताची वही काय म्हणते?"

"वही अजून शोधतेय."

तू मोठ्यानं हसलास. आपलं शेवटचं मोठं बोलणं ते. मी मनात म्हणत होते, बोल, अजून बोल, जितकं बोलशील तितकं त्या दिवशी तुला गिळावं लागेल.

रिले सापडल्यापासून एकोणिसाव्या दिवशी तू अचानक गेलास. त्याच एकोणीस दिवसांत कधीतरी मेस्त्रीनं शेड सोडली. हे मला तुझ्या अंत्यविधीहून परतताना कळलं. रिक्षा तिथून गेली आणि शटरवर दुसऱ्याच दुकानाची पाटी रंगवत होते.

त्याचा पत्ता लागायला आठवडा गेला. तो सर्जापूर रोडच्या बाजूला कुठेतरी दुसऱ्याच्या गॅरेजात पगारावर आहे. मी गेले तेव्हा एका गाडीखाली होता. मला बघून बाहेर आला, हात पुसले आणि रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीकडे चालायला लागला. मी मागून.

"अण्णा गेले," मी म्हणाले.

"कळलं."

"बॅटरी कशानं बसत होती ते सापडलं."

"कुठं होतं?"

"बाप्पाच्या दिव्याचा रिले. थेट जोडलेला."

त्यानं मान हलवली, जशी बिघाड कळला की तो हलवतो. "बघू दिले असते तर तासाभराचं काम," म्हणाला. मग, "त्या दिवशी वही पर्समध्येच होती नव्हं?"

"होती."

"मी बघितलो होतो."

मी माफी मागायला लागले. त्यानं हात वर केला. "इथं मोठ्यानं नको, अक्का. मालकाला कायबी ठाऊक न्हाई. तुमी माफी मागितलासा की तो इचारणार, कशाची म्हणून. मग मी काय सांगू, मला चोर म्हटले होते?"

"मग मी काय करू?"

"माझ्या कानात सांगून काय उपेग? मी चोरलो न्हाई हे मला पहिल्यापासनं ठाऊक हाय. ज्यास्नी ठाऊक न्हाई त्यास्नी सांगा." चहा तसाच ठेवून तो उठला. "आणि एक सांगतो, राग मानू नका. अण्णा तोंडावर बोलले. तुमी त्यांच्या मागं बोलूलालासा. मेल्या माणसाची चूक काढायला लई धाडस लागत न्हाई."

मी राग मानला नाही. बसमध्ये बसल्यावर वहीत लिहून घेतलं. शब्द बदलायला नकोत म्हणून.

चार दिवसांपूर्वी हे सगळं वहिनीला वाचून दाखवलं. तुझा चष्मा अजून टीव्हीवर आहे, तिनं हलवलेला नाही. ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "मेस्त्रीचं नाव साफ कर ना. कोण नको म्हणतंय? पण ह्यांचं कशाला? गैरसमज झाला होता, असं लिही."

"गैरसमज कुणाचा, वहिनी?"

"कुणाचा म्हणजे काय? झाला होता."

"त्याला चोर म्हणताना नाव घेऊन म्हटलं होतं. परत घेताना बिननावाचं कसं घेऊ?"

"देवाचा दिवा होता तो, सुमती. देवासाठी केलं त्यांनी. त्यात त्यांना वाईट ठरवशील?"

"दिव्यात काहीच वाईट नव्हतं."

तिनं भाजीचं ताट पुढे ओढलं. मग शांतपणे, भाजी निवडता निवडता म्हणाली, "छापलंस तर माझ्या दारात येऊ नकोस." वहिनी कधी उगाच बोलत नाही, तुला माहीतच आहे. छत्तीस वर्षांचा संबंध आहे आमचा. गणपतीत तुझ्याकडे मोदक मी वळायची, सारण ती करायची. यंदा वळणार नाही असं दिसतं. ते मी मान्य केलं आहे.

तरीही हे चिटणीसांकडे देते आहे. त्यांनी एक शब्दही कापू नये अशी अट घातली आहे, आणि मंडळाच्या ग्रुपवरही पूर्ण टाकणार आहे, कारण तो आरोप तिथेच अजून आहे, तुझ्या नावाखाली, कुणी पुसलेला नाही.

तर अण्णा, तू चुकलास. मी खोटं बोलले. मेस्त्रीनं चोरी केली नाही.

दोन पानांत लिहायचं होतं ते एवढंच. एका ओळीत मावलं असतं. हीटर, बेअरिंग, मैदानातला क्लच, फ्यूज एकेक करून, हे कुणी विचारलं नव्हतं, आणि पानाच्या दोन्ही बाजू भरल्यावर तिसरं पान घेताना मला ते कळलंही होतं. उगाच लांबण लावणारी बाई मी नाही. पण ती तीन वाक्यं लिहून झाली की आपलं भांडण संपणार होतं, आणि भांडणाशिवाय तुझ्याशी बोलायचं कसं ते आपण दोघं कधी शिकलोच नाही.